तीन पॉइंट चार व्होल्ट

नवऱ्याची सिगारेट सुटावी म्हणून मी काय काय केलं ते कुणाला सांगितलं, तर कीव त्याचीच करतील, माझी करणार नाहीत. माझ्या मुलीने तर ती आधीच करून घेतली आहे.

फेब्रुवारीत, इथे आखातात, देरा भागातल्या त्याच्या ऑफिसचा जिना चढताना त्याच्या छातीत दुखलं. तो माल पाठवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. खाडीच्या धक्क्याला लागणाऱ्या लाकडी गलबतांवर टायर, तांदूळ, फ्रिज असलं काहीबाही चढतं, त्याची कागदपत्रं तो करतो. सोबतच्यांनी त्याला टॅक्सीत घातलं आणि मला फोन केला. मी जुमेरा लेक टॉवर्समधल्या माझ्या ऑफिसातून हॉस्पिटलात पोहोचले तोवर स्टेंट बसलीसुद्धा होती. डॉक्टर मल्याळी होते, गप्पिष्ट अजिबात नव्हते. "सिगारेट खलास," एवढंच हिंदीत म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. उडाली म्हणजे अगदी उडालीच. तो घोरायला लागला की मला बरं वाटायचं आणि घोरणं थांबलं की मी त्याच्या छातीवर हात ठेवायची. तो जागा व्हायचा आणि म्हणायचा, "आहे मी. झोप." दिवसा ऑफिसात माझं चित्त जागेवर नसायचं. अकराला फोन, एकला फोन, चारला फोन. एकदा त्याने फोन उचलला नाही तर मी त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला फोन केला. तो बिचारा म्हणाला, "भाभी, बाथरूम गया है." तरी मी लाइनवर थांबले, तो परत येईपर्यंत.

आम्ही दोघं सांगलीला इंजिनिअरिंगला एकाच वर्गात होतो. पहिल्या वर्षापासून त्याच्या हातात सिगारेट बघत आले आहे. दिवसाची पंधरा-वीस. ती एकदम बंद झाल्यावर घरात काय झालं असेल याचा अंदाज ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनाच येईल. निकोटीनचं च्युइंगम झालं, दंडावर चिकटवायच्या पट्ट्या झाल्या, बडीशेप आणि लवंगा झाल्या. माणूस फ्रिजच्या दारावर चिडायचा. वरणात मीठ कमी म्हणून ताटावरून उठला, आणि पाच मिनिटांनी येऊन सॉरी म्हणून जेवला. दोन महिने हे चाललं. मग एका संध्याकाळी त्याने खिशातून जाडजूड पेनासारखी काळी नळी काढली आणि टीव्हीसमोर बसून तिच्यातून आंब्याच्या वासाची वाफ ओढायला लागला. कुठल्याशा मित्राने जुनी झाली म्हणून देऊन टाकलेली इलेक्ट्रॉनिक सिगारेट होती ती.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मी हे घ्या म्हणून सांगणार नाही. हेही औषध नाहीच. पण खरी सिगारेट एकही नको, अर्धीही नको." मी त्याचा अर्थ मला हवा तसा लावला.

तिसऱ्या दिवशी तो खोकत खोकत स्वयंपाकघरात आला. तोंडाला जळक्या कापसाचा वास येत होता. "हे काही जमणार नाही," म्हणून त्याने ती नळी ओट्यावर आपटली. आता ही गोष्ट माझ्या हद्दीत आली होती. मी इमारतींच्या वीजपुरवठ्याचं डिझाइन करते. बावीस वर्षं हेच करते आहे. कपाटातून व्होल्ट-ओहम मोजायचा मीटर काढला आणि ती नळी उघडली.

आत विशेष काहीच नसतं. खाली बॅटरी, वर द्रवाची छोटी टाकी आणि टाकीच्या पोटात कापसाभोवती गुंडाळलेली बारीक तार, जिला कॉइल म्हणतात. बटण दाबलं की तार तापते, कापसात मुरलेल्या द्रवाची वाफ होते, ती ओढायची. तारेचा रोध मोजला तर ओहमचे आठ दशांश निघाले. बॅटरीच्या बुडाशी व्होल्ट कमीजास्त करायचं एक चाक होतं, ते चार पॉइंट दोनवर होतं. व्होल्ट तेवढेच ठेवून रोध कमी केला की प्रवाह वाढतो आणि तार जास्त तापते, हे आम्हाला दोघांनाही कॉलेजात एकाच सरांनी शिकवलं होतं. व्होल्टचा वर्ग करून ओहमने भागलं की वॅट मिळतात. बावीस वॅट. एवढ्याशा कापसाला बावीस वॅट दिले तर तो जळणारच.

"ही कॉइल कुणी दिली तुला?"

"दुकानात. मी म्हणालो सगळ्यात स्ट्राँग द्या."

"स्ट्राँग म्हणजे काय? चहा आहे का?"

तो हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मला तेव्हाच कळायला हवं होतं की मी आता या नळीच्या नादाला पूर्ण लागणार.

आमच्या टॉवरच्या तळमजल्यावरच अशा नळ्यांचं एक दुकान आहे. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी मीटर पर्समध्ये घालून तिथे गेले. दुकानदार पन्नाशीचा, अतिशय शांत माणूस. माझ्यासारख्या अस्वस्थ माणसाला शांत माणसाचा फार राग येतो. मी त्याच्या पाच कॉइल काउंटरवर मांडून एकेक मोजली आणि एक पॉइंट आठ ओहमची निवडली. पाचांचं पाकीट साठ दिरहम, म्हणजे चौदाशे रुपये झाले, असं मी मोठ्यांदा म्हणाले. त्यावर त्याने नुसती मान हलवली.

"मॅडम, ये एक पॉइंट आठवाला चार, चार-दो पे रखो. फिर साहब को बोलो धीरे-धीरे घुमाके देखे. जहाँ गले को अच्छा लगे, बस, वहीं."

"गले को अच्छा लगे ये कोई युनिट है क्या?"

"मॅडम, पीना तो गले से ही है."

मी पाकीट उचललं. घरी येऊन तक्ता केला. आडव्या ओळीत व्होल्ट, तीन पॉइंट तीनपासून चार पॉइंट आठपर्यंत. उभ्या ओळीत ओहम. प्रत्येक चौकोनात वॅट. जळण्याच्या बाजूचे चौकोन लाल, मधले हिरवे, खालचे पिवळे. तक्ता छापून फ्रिजवर लावला. मुलीने तो उभ्याउभ्या वाचला आणि हे अतीच झालं अशा सुरात म्हणाली, "आई, धिस इज सो एक्स्ट्रा."

एक पॉइंट आठ ओहमला चार व्होल्ट दिले तर नऊच्या आसपास वॅट येतात, अगदी हिरव्याच्या मधोमध. तिथे थांबले असते तर ही आठवण लिहायची वेळ आली नसती. पण माझ्या हाताला एक खोड आहे. इथल्या उन्हाळ्यात केबल इतकी तापते की कागदावर शंभर अँपिअर नेणारी केबल आम्ही सत्तरच नेईल असं धरून चालतो. त्याला डीरेटिंग म्हणतात. बावीस वर्षांत मी या देशात एकही गोष्ट पूर्ण क्षमतेला वापरलेली नाही. जे गणितात येईल त्यातून थोडं कापायचं, मग सही करायची. शिवाय आता माझ्या डोळ्यासमोर ऑगस्टमधली गाडी होती, डॅशबोर्डवर विसरलेली नळी होती, आणि नुकतीच स्टेंट बसलेली छाती होती. मी चार व्होल्ट कापून तीन पॉइंट चारवर आणले. साडेसहाच्या आत वॅट. पिवळा चौकोन. मग ते चाक कुणाच्या बोटाने फिरू नये म्हणून त्यावर काळी इन्सुलेशन टेप तीन वेढे गुंडाळली.

"याला हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"नाही लावत बाई."

त्याने एक झुरका घेतला. जरा थांबला, दुसरा घेतला. "जळकं लागत नाही," तो म्हणाला. हे खरंच होतं.

पुढचा दीड महिना मी फार खूश होते, हे कबूल करते. घरात वास नाही, खोकला नाही, फ्रिजच्या दारावर राग नाही. त्या तक्त्याचा फोटो मी ऑफिसात दोघा-तिघांना दाखवला. अबुधाबीच्या साइटवर जाताना गाडीत एका ज्युनिअरला तासभर व्याख्यान दिलं. आणि मुख्य म्हणजे मी झोपायला लागले. दहाला डोकं टेकलं की सकाळी गजरालाच जाग.

तरी आतली भुणभुण पूर्ण गेली नव्हती. तो अंघोळीला गेला की मी त्याच्या शर्टाची कॉलर हुंगायची. खिसे उलटे करायची. गाडीच्या सीटखाली हात घालायची. एकदा तिथे मुलीची कानातली रिंग सापडली, जिच्यावरून वर्षापूर्वी भांडण झालं होतं. शर्टाला आंब्याचा वास यायचा, फक्त आंब्याचा, आणि जरा जास्तच. मुलीने मला कॉलर हुंगताना पकडलं. "यू आर बीइंग क्रीपी," ती म्हणाली. मी म्हटलं, काळजी आहे ती. "इट्स नॉट द सेम थिंग, आई." सोळा वर्षांच्या मुलीकडून हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कॉलर हुंगलीच.

एकच गोष्ट खटकत होती. टाकी फार लवकर रिकामी व्हायची. दुकानदाराच्या हिशेबाने तीन दिवस पुरायला हवी ती दीड दिवसात संपायची. "सवय होईपर्यंत लागतं जास्त," नवरा म्हणाला, आणि मी ते मानलं. आकडा डोळ्यासमोर होता आणि मी तो वाचला नाही. साइटवर एखाद्या ज्युनिअरने अशी चूक केली असती तर मी त्याला सोडलं नसतं.

जूनमध्ये मुलीला सुट्टी लागली होती. एका दुपारी बाराला तिचा फोन आला, "आई, बाबाज् टॅबलेट्स आर ऑन द टेबल." रक्त पातळ ठेवणारी गोळी, जी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याला फोन केला, तो उचलेना. मी मीटिंग सोडली, घरी जाऊन गोळ्या घेतल्या आणि मेट्रो पकडली. डबा अर्धा रिकामा होता तरी मी दाराशी उभी राहिले. सात वेळा फोन लावला. आठव्यांदा लावणार तोवर देरा आलं. स्टेशनपासून त्याच्या ऑफिसपर्यंत मी त्या उन्हात जवळजवळ पळत गेले. डोक्यात फक्त तो जिना होता.

तो जागेवर नव्हता. शेजारचा माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाभी, नीचे होगा. पीछे."

मागे धक्क्याच्या बाजूला खोक्यांची थप्पी होती आणि तिच्या हातभर सावलीत तो उभा होता, समोरच्या गलबतावर टायर चढत होते ते बघत. एका हातात सिगारेट, दुसऱ्या हातात माझी काळी टेप लावलेली नळी. त्याने सिगारेटचा शेवटचा झुरका घेतला, थोटूक बुटाखाली चिरडलं, आणि मग नळीतून चार-पाच झुरके घेऊन ती वाफ स्वतःच्या कॉलरवर सोडली. अगदी सवयीने, जसा एखादा दाढीनंतर लोशन लावतो. मग त्याने मला पाहिलं.

मी ओरडेन असं त्याला वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं होतं. पण मला आधी त्याचा श्वास मोजायचा होता, आणि धाप मलाच लागली होती.

"कितवी?" मी विचारलं.

"चौथी."

"आजची?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासूनच." त्याने नळी पुढे केली. "यातून काही येत नाही गं. नुसती कोमट हवा. तासभर ओढत बसलं तरी डोकं मागायचं थांबत नाही."

"मग बोलला का नाहीस? व्होल्टेज कमी पडतंय, एवढं एक वाक्य. तूही इंजिनिअर आहेस ना? टेप काढायची, चाक फिरवायचं, खलास. चार-चार सिगारेटी फुंकतोस आणि टेपला घाबरतोस?"

त्याने चिरडलेलं थोटूक बुटाने कडेला सारलं. गलबतावरचा माणूस कुणाला तरी "यल्ला, यल्ला" म्हणून घाईच्या हाका मारत होता.

"तू झोपायला लागली होतीस," तो म्हणाला. "दोन महिन्यांनी. टेप काढली असती तर तू पुन्हा रात्रभर बसली असतीस माझ्या छातीवर हात ठेवून."

मला संताप आला. माझ्या झोपेसाठी हा माणूस मरायला निघाला होता, आणि उपकार म्हणून. मी तसं त्याला बोललेही, बरंच बोलले, हिंदीत नाही हे नशीब, कारण शेजारचा माणूस खिडकीत आला होता. आणि बोलता बोलता मला माझी चूक दिसली. मी बावीस वर्षं तारा तापू नयेत म्हणून काम केलं आहे. माझ्या लेखी तापलेली तार म्हणजे आग, आणि थंड तार म्हणजे चांगलं काम. ही तार तापण्यासाठीच केलेली होती. ती तापली नाही तर तिचा काही उपयोग नाही, आणि मी तिला न तापण्याइतकी सुरक्षित करून ठेवली होती. दुकानदाराला हे ठाऊक होतं, नवऱ्याला ठाऊक होतं. तक्ता करणारीलाच ठाऊक नव्हतं. मला त्याची लाज वाटली, आणि भीती त्याहून जास्त वाटली, कारण दीड महिना मी ज्या माणसाजवळ निर्धास्त झोपत होते तो रोज या खोक्यांमागे उभा होता.

मी नखाने टेप उकरायला लागले. उन्हाने तिची चिकट राळ झाली होती, बोटांना लागत होती. निघता निघेना. शेवटी त्यानेच किल्लीने कापली.

"फिरव," मी म्हणाले.

"किती?"

"मला काय विचारतोस? गळा तुझा आहे."

तीन पॉइंट सहा, त्याने झुरका घेऊन मान हलवली. तीन पॉइंट आठ, पुन्हा नाही. चारला जरा थांबला. अगदी थोडंसं पुढे सरकवलं, चार पॉइंट एक असेल. या वेळी वाफ दाट आली. तो एकदा खोकला आणि मग त्याचे खांदे खाली आले. फेब्रुवारीपासून ते वरच होते हे मला ते खाली आल्यावर कळलं.

"हां," तो म्हणाला.

मी त्याच्या हातात गोळी दिली. पाणी नव्हतं, त्याने ती तशीच गिळली. मग शर्टाच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. माझा हात पुढे गेला होता, मी तो मागे घेतला. "माझ्याकडे नको," मी म्हणाले, "मी नाही बघणार आता तुझे खिसे. तूच काय ते कर." हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं मला माहीत नाही. त्याने ते पाकीट तिथल्या पिंपात टाकलं. परतीच्या मेट्रोत मी त्याच वाक्याचा पश्चात्ताप करत आले.

कारण ते पाळणं त्याच्या सिगारेटीपेक्षा अवघड होतं असं माझं अजूनही मत आहे. मी फ्रिजवरचा तक्ता काढला. धुवायचे शर्ट मुलीला मशीनमध्ये टाकायला सांगायला लागले, मी हातात घेतले तर नाकाशी जातील म्हणून. अकराचा फोन बंद केला, एकचा केला, चारचा काही केल्या बंद होईना, तो मी पाचवर नेला. झोप पुन्हा गेली ती गेलीच. पण मी छातीवर हात ठेवत नव्हते. कुशीवर वळून भिंतीकडे बघत पडायची.  टाकी आता तीन दिवस पुरत होती, पण मी एकदा आकड्यावर भाळले होते, आता मला आकड्याचं काही वाटत नव्हतं. तो खरंच सोडतोय की अधिक हुशारीने लपवतोय, हे कळायला मला काहीही मार्ग नव्हता. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि मी रोज संध्याकाळी टॉवरच्या पार्किंगमध्ये चकरा मारायची, कारण घरात बसलं की मला त्याच्याकडे बघावंसं वाटायचं.

बाराव्या दिवशी अकराच्या सुमाराला माझा फोन वाजला. त्याचा होता. तो ऑफिसच्या वेळात मला कधी फोन करत नाही. फोन करण्याचं खातं माझ्याकडे. मी एका टेंडरच्या मीटिंगमध्ये होते, समोर आठ माणसं. मी तशीच उठले आणि काचेच्या दाराबाहेर आले.

"काय झालं? दुखतंय का?"

"नाही, नाही. मी ठीक आहे."  मग म्हणाला, "आज एक ओढली. सकाळी एका पार्टीने माल अडवला, डोकं फिरलं. शेजारच्या टेबलवाल्याकडून घेतली. तुला सांगावं म्हटलं."

मी भिंतीला टेकले. मला राग आला, नाही असं नाही. पण त्या एका सिगारेटवर माझा ताबडतोब विश्वास बसला, आणि तिच्यामुळे आधीच्या अकरा दिवसांवरही.

"बरं," मी म्हणाले.  "गोळी घेतलीस ना?"

"घेतली."

"मग ठेव आता. मीटिंगमध्ये आहे मी."